ओटीची (ऑपरेशन थिएटरची) यादी अजून कार्बन पेपरवरच का? रुग्णालय प्रशासनाला खुलं पत्र

मा. अधिष्ठाता, मा. वैद्यकीय अधीक्षक आणि संगणकीकरणाचं काम बघणारे सगळे अधिकारी,

नमस्कार.

मी नागपूरचाच, मानेवाड्याकडे राहतो. तुमच्या दवाखान्यात माझ्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाला बदनाम करायचं नाही, आणि वॉर्डात भेटलेले लोक सांगत होते की दुसरीकडेही थोड्याफार फरकानं हेच चालतं. पत्र कोणासाठी आहे ते तुम्हाला कळेलच. आधी साधा अर्ज दिला होता, आवकचा शिक्का मारून पोच मिळाली आणि पुढे काहीच नाही. मग परवा ओपीडीच्या दारावर सूचना लागलेली दिसली की नवीन संगणक प्रणालीच्या पहिल्या टप्प्यात नोंदणी, बिलिंग आणि औषधसाठा येणार आणि शस्त्रक्रिया विभाग "पुढील टप्प्यात". पुढचा टप्पा म्हणजे कधी, त्याची तारीख कुठंच नाही. ते वाचल्यावर मला गप्प बसवलं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

आधी एक स्पष्ट करतो, तक्रार डॉक्टरांबद्दल नाही आणि सिस्टरांबद्दल तर बिलकुल नाही. आईला ज्यांनी उभं केलं त्या पोरांना मी जन्मभर विसरणार नाही, छत्तीस-छत्तीस तास ड्युटी करणारे रेसिडेंट डॉक्टर मी डोळ्यांनी पाहिलेत. तक्रार ही आहे की हे सगळे लोक एकमेकांशी जोडलेलेच नाहीत. लॅबला काय माहीत आहे ते वॉर्डाला माहीत नाही, भूलवाल्यांना काय पाहिजे ते युनिटला, म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या टीमला, शेवटच्या क्षणी कळतं, रक्तपेढीला ऑपरेशन पुढे गेल्याचा पत्ता नाही, आणि या सगळ्यांच्या मधात धावतो तो पेशंटचा नातेवाईक, हातात केस पेपर आणि खिशात चिठ्ठ्या घेऊन.

आई घरीच मोरीत पडली, नवतपा सुरू व्हायच्या आसपास. एक्स-रेत खुब्याचं हाड मोडलेलं, डॉक्टर म्हणाले बॉल बदलावा लागेल. तिला शुगर आहे, बीपी आहे, वय सत्तरच्या घरात. आता यात वेळ किती महत्त्वाचा आहे ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. म्हातारं माणूस हाड मोडून पडून राहिलं की छातीत कफ धरतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणून तर शक्यतो दोन दिवसांच्या आत ऑपरेशन करा म्हणतात, आणि ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेचं मार्गदर्शन तर असं आहे की भरती झाली त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी. आपल्याकडे गर्दी आहे, माणसं कमी आहेत, दुसऱ्याच दिवशी टेबल मिळेल असं मी धरलंही नव्हतं. पण आईचं ऑपरेशन पुन्हा पुन्हा पुढे गेलं ते टेबल नव्हतं म्हणून नाही. टेबल होतं, सर्जन होते, भूलतज्ज्ञ होत्या. दर वेळी कुठला तरी कागद, जो दवाखान्यातच होता, तो जिथं पाहिजे तिथं नव्हता.

तुमच्याकडे ओटीची यादी कशी निघते ते इथं लिहितो, बाहेरच्या लोकांना माहीत नसतं म्हणून. संध्याकाळी युनिटचा ज्युनिअर रेसिडेंट फुलस्केप कागदावर खाली कार्बन टाकून उद्याच्या केसेस लिहितो, नाव, वय, वॉर्ड, कशाचं ऑपरेशन. वरची प्रत ओटीला, खालच्या प्रती भूलवाल्यांना आणि वॉर्डाला. वॉर्डात येणारी प्रत तिसरी किंवा चौथी असते, तिच्यावरची अक्षरं इतकी फिकी की सिस्टर ती ट्यूबलाइटखाली धरून वाचतात. मग रात्री इमर्जन्सी येते, क्रम बदलतो, तो बदल ओटीतल्या प्रतीवर पेनानं होतो आणि बाकीच्या प्रती तशाच जुन्या राहतात. त्याच वॉर्डात डेस्कवर कॉम्प्युटर आहे, चालू आहे, त्यावर भरती आणि डिस्चार्जच्या नोंदी होतात. पण उद्या कोणाचं ऑपरेशन आहे हे मात्र त्या कॉम्प्युटरला माहीत नाही.

आता आमच्यासोबत काय झालं ते मुद्द्यावर येऊन सांगतो.

पहिल्यांदा आईचं नाव यादीत आलं तेव्हा रात्री बारानंतर काही खायचं नाही, पाणीही नाही असं सांगितलं. यादीत तिचा नंबर खालचा होता, म्हणजे दुपार होणार हे यादी लिहिणाऱ्याला आदल्या संध्याकाळीच दिसत होतं, पण उपाशी राहायची वेळ सगळ्यांना एकच. भुलेच्या शास्त्रात साधं पाणी दोन तास आधीपर्यंत आणि हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत चालतं असं आता सर्वमान्य आहे, अर्थात पेशंटप्रमाणे डॉक्टर ठरवतील ते. वॉर्डातली गरमी तुम्हाला माहीत आहे, कूलर एका कोपऱ्यात आणि आई दुसऱ्या. सकाळपासून ती म्हणत होती, "बाबू, घोटभर पानी तं दे नं रे," आणि मी नाही म्हणत बसलो. दुपारी कळलं, केस कॅन्सल. कारण काय, तर पोटॅशियमचा रिपोर्ट फाइलमध्ये नाही. मी लॅबच्या खिडकीवर गेलो. रिपोर्ट आदल्या दिवशीच तयार होता, लॅबच्या कॉम्प्युटरवर दिसत होता, त्या ताईंनी दोन मिनिटांत प्रिंट काढून हातात दिला. मी धावत परत आलो तोवर ओटीत पुढची केस गेली होती. आईची शुगर तपासली तर खाली गेलेली, सिस्टरनी ग्लुकोज लावलं म्हणून निभावलं.

यात चूक कोणाची? मला विचाराल तर कोणाचीच नाही, आणि हेच जास्त वाईट आहे. लॅबनं आपलं काम केलं, भूलतज्ज्ञांनी रिपोर्टशिवाय भूल द्यायला नकार दिला तो योग्यच होता. फक्त लॅबचा कॉम्प्युटर आणि वॉर्डाचा कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत.

त्यानंतर फिटनेसचं. पीएसी, म्हणजे भूल देण्याआधीची तपासणी, एकदा झाली होती, पण ऑपरेशन पुढे गेल्यामुळे ती जुनी झाली, ईसीजी नवीन पाहिजे, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहिजे, मेडिसिनवाल्यांचं मत पुन्हा पाहिजे. हे लागतं, मान्य. पण कोणत्या तपासणीची मुदत कधी संपते ते कुठं लिहिलेलंच नाही, ते कळतं थेट ऑपरेशनच्या सकाळी. आईला स्ट्रेचरवर घेऊन इकोला न्यायचं, तिथं लाइन, मग फिजिशियन राउंडवर, मग सही झाली की परत. मोडलेल्या खुब्यावर स्ट्रेचरचा प्रत्येक धक्का काय करतो ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

आणि योजनेची मंजुरी. महात्मा फुले योजनेचं काम २०१२ मध्ये जुन्या नावानं सुरू झालं तेव्हापासून ऑनलाइनच आहे, त्या बाबतीत सरकारनं खरंच चांगलं काम केलंय, माझ्यासारख्या माणसाला आईचं ऑपरेशन दुसरीकडे परवडलंच नसतं. आमच्या केसमध्ये पोर्टलवर क्वेरी आली की एक्स-रेचा फोटो अस्पष्ट आहे, दुसरा टाका. क्वेरी बरोबरच होती. एक्स-रेची फिल्म खिडकीला धरून कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला होता, त्यात अर्धी खिडकीच दिसत होती. पण ही क्वेरी आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या डेस्कवरच्या माणसाच्या, स्क्रीनवर पडून राहिली, युनिटला माहीत नाही, वॉर्डाला माहीत नाही, आणि मंजुरी नाही म्हणून इम्प्लांट, म्हणजे बसवायचा कृत्रिम बॉल, मागवलंच गेलं नाही. आम्हाला मात्र रोज सांगितलं जायचं की उद्या होईल. मीच सहज योजनेच्या डेस्कवर विचारायला गेलो तेव्हा उलगडा झाला. समजा मी गेलोच नसतो तर? गडचिरोलीच्या आतल्या गावाहून आलेला, बालाघाट-सिवनीकडून आलेला माणूस, ज्याला कोणत्या डेस्कवर काय विचारायचं हेच माहीत नाही, त्याचं काय होत असेल? आईच्या बाजूच्या खाटेवर भामरागडकडची एक बाई होती, तिचा नवरा दिवसभर खाटेखाली बसून राहायचा, त्याची भाषा माडिया, त्याला कोणी काही सांगायचं नाही आणि तो कोणाला विचारायचा नाही.

रक्ताबद्दल जास्त लिहीत नाही. एकच सांगतो, आईसाठी जुळवून ठेवलेली पिशवी ऑपरेशन पुढे गेल्यावर राखून ठेवायची मुदत संपून परत साठ्यात गेली, रीतसरच गेली, पण नवीन तारखेसाठी पुन्हा सॅम्पल पाठवायला पाहिजे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. ई-रक्तकोष या सरकारी पोर्टलवर कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत ते घरबसल्या दिसतं. तुमच्याच इमारतीतल्या रक्तपेढीला वरच्या मजल्यावरच्या ओटीची यादी दिसत नाही.

या सगळ्यात डॉक्टर कसं निभावतात? व्हॉट्सॲपवर. युनिटचा ग्रुप, भूलवाल्यांचा ग्रुप, ओटीचा ग्रुप. एक्स-रेचे फोटो, रिपोर्टचे फोटो, "बेड १४ चं पोटॅशियम आलं का" असे मेसेज. ती पोरं स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटावर तुमचा दवाखाना चालवतायत. त्या ग्रुपात पेशंटचं नाव, आजार, फोटो सगळं असतं आणि रेसिडेंटची टर्म संपली की ते सगळं त्याच्या फोनमध्ये निघून जातं. २०२३ मध्ये देशात वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा पास झालाय. पण कायद्याचं नंतर, आधी हे बघा की पेशंटची महत्त्वाची माहिती एका स्क्रोल होऊन गेलेल्या मेसेजवर अवलंबून आहे.

आता तुमच्याकडून उत्तर येईल की अशी प्रणाली मोठी गोष्ट आहे, पैसा लागतो, वेळ लागतो. म्हणून थोडं वाचून-विचारून आलोय. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या ई-हॉस्पिटल प्रणालीच्या मॉड्यूलांमध्ये नोंदणी, लॅब, रेडिओलॉजी, स्टोअर यांच्यासोबत ओटी मॅनेजमेंटही आहे. म्हणजे शून्यापासून काही बनवायचं नाही. आभा नंबर, म्हणजे आरोग्य खात्याचा तो १४ आकडी ओळख क्रमांक, तुम्ही नोंदणीच्या खिडकीवर प्रत्येकाकडून मागताच, २०२१ पासून देशभर त्याची मोहीम आहे, क्यूआर स्कॅन करून ओपीडीचं टोकन मिळतं, लाइन कमी झाली, चांगलंच झालं. पण दवाखान्यातली सगळ्यात धोक्याची जागा नोंदणीची खिडकी नाही, ओटी आहे. जिथं आठ विभागांनी एका वेळी एका माणसाजवळ यायचं असतं, तिथं सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर नेणं हा क्रमच मला पटत नाही.

ओटीच्या भिंतीवर जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी लावलेली असते. २००८ ची ती, १९ मुद्दे, तीनदा थांबून तपासायचे, भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर काढण्याआधी. ओळख पटली का, संमती आहे का, बाजू कोणती, ॲलर्जी आहे का, रक्त जाण्याची शक्यता किती, अँटिबायोटिक तासाभराच्या आत दिलं का, एक्स-रे समोर लावला का. आठ शहरांतल्या दवाखान्यांत, त्यात दिल्लीही होती, ही यादी वापरून बघितली तेव्हा मोठी गुंतागुंत होण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ वर आणि मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आले, २००९ मध्ये ते छापून आलं. साध्या विचारण्यानं एवढा फरक पडतो. पण माझं म्हणणं असं की ही तपासणी टेबलाजवळची, शेवटची आहे. रिपोर्ट नाही, रक्त नाही, इम्प्लांट नाही हे तिथं पहिल्यांदा कळत असेल तर एकच गोष्ट होऊ शकते, केस कॅन्सल. तेच आदल्या दुपारी चार वाजता कळलं तर रिपोर्ट मागवता येतो, सॅम्पल पाठवता येतं, नाहीच झालं तर त्या जागी तयार असलेला दुसरा पेशंट घेता येतो आणि ओटीचा तो वेळ वाया जात नाही. जी ओटी मिळावी म्हणून लोक आठवडेच्या आठवडे वाट बघतात ती एका न छापलेल्या रिपोर्टपायी रिकामी राहते, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून मागण्या. मोठ्या नाहीत.

शस्त्रक्रिया विभाग "पुढील टप्प्यात" हा निर्णय बदला आणि पहिल्याच टप्प्यात घ्या, तारीख लिहून. सगळ्या ओट्या एकदम नको, एका युनिटपासून सुरू करा, माझं म्हणणं ऑर्थोपासून (हाडांच्या विभागापासून) करा कारण तिथं म्हातारी माणसं हाड मोडून पडलेली असतात. ऑपरेशन ठरलेल्या प्रत्येक पेशंटचं एक पान पाहिजे, सर्जन, भूल, वॉर्ड, लॅब, रक्तपेढी, योजनेचा डेस्क सगळ्यांना दिसेल असं, त्यात काय झालं, कधी झालं, कधीपर्यंत चालतं आणि काय बाकी आहे, आणि बाकी आहे ते कोणाकडे. रिपोर्ट लॅबमध्ये तयार झाला की त्या पानावर आपोआप यावा, त्यासाठी नातेवाईकाला खिडकीवर पाठवू नये. योजनेची क्वेरीही त्याच पानावर दिसावी.

दुसऱ्या दिवशीची यादी ठरलेल्या वेळी पक्की व्हावी आणि नंतर बदल झाला तर तो सगळीकडे एकाच वेळी दिसावा, कोणी केला आणि का केला त्यासकट. इमर्जन्सी येणारच, अपघाताचा पेशंट आधी जाणारच, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही, फक्त ज्याचा नंबर मागे गेला त्याला पाणी पाजायचं का हे वॉर्डाला लगेच कळलं पाहिजे. उपाशी राहायची वेळ यादीतल्या नंबरप्रमाणे लिहून द्या.

नातेवाईकांसाठी मराठी आणि हिंदीत मेसेज, ऑपरेशन कधी आहे, पुढे गेलं तर का गेलं. ओटीबाहेर एक स्क्रीन, पण त्यावर नाव आणि आजार नको, आज कागदावर सगळ्यांचं सगळं उघडं लटकलेलं असतं ते बरोबर नाही, केस पेपरच्या नंबरवरून कळलं तरी पुरे, आत घेतलं, चालू आहे, रिकव्हरीत आहे. आणि स्क्रीन लावली म्हणून माणूस काढू नका. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी एका खुर्चीवर एक माणूस बसवा, त्याला ते पान दिसलं पाहिजे.

नोंदी करायचं ओझं पुन्हा त्याच रेसिडेंटवर आणि सिस्टरवर टाकू नका, कॉम्प्युटरवर भरा आणि रजिस्टरमध्येही लिहा असं दुहेरी काम झालं तर महिनाभरात कोणी ते उघडणार नाही आणि मग तुम्हीच म्हणाल की स्टाफ वापरत नाही. ऑपरेटर द्या, वॉर्डात चालणारी मशीन द्या, आणि समितीत एक वॉर्ड सिस्टर, एक ओटी सिस्टर, एक रेसिडेंट यांना घ्या. त्यांना विचारल्याशिवाय बनवलेली प्रणाली त्यांच्या कामाची होणार नाही.

कंत्राटाबद्दल एक. २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांमधली जुनी एचएमआयएस, म्हणजे दवाखान्याची संगणक प्रणाली, बंद पडली आणि सगळीकडे पुन्हा हातानं लिहायची वेळ आली, हे तुम्ही आमच्यापेक्षा जवळून भोगलंय. या वेळी कंत्राटात स्पष्ट लिहा की पेशंटचा डेटा दवाखान्याचा आहे, कंपनी बदलली तरी जुन्या नोंदी नवीन प्रणालीत उघडल्या पाहिजेत. लाइट गेली, नेट गेलं तर काय करायचं त्याचा कागदी पर्यायही ठरवून ठेवा, यादीची छापील प्रत ओटीत राहू द्या, माझा कागदाला विरोध नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत त्याचे कागद डॉक्टरांनी द्यायचे असतात, आईचे ऑपरेशनचे कागद मला कितीतरी चकरा मारून मिळाले. त्या पानावर सगळं असेल तर डिस्चार्जच्या दिवशीच प्रिंट देता येईल.

शेवटची मागणी, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. दर महिन्याला किती ठरलेली ऑपरेशनं त्या दिवशी झाली नाहीत आणि कोणत्या कारणानं, हे नोटीस बोर्डावर लावा. नावं नको, फक्त कारणं आणि आकडे, रिपोर्ट नाही इतक्या, फिटनेस नाही इतक्या, रक्त, इम्प्लांट, मंजुरी, वेळ संपला. हे सुरू करायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, ओटीच्या रजिस्टरमध्ये लाल पेनानं कारण लिहिलेलंच असतं, ते मोजायचं आहे. प्रणाली येईपर्यंत निदान एवढं करा. तेवढ्यावरूनच तुम्हाला आणि आम्हाला कळेल की टेबलं कमी पडतायत की कागद.

आई आता वॉकर धरून अंगणापर्यंत जाते. पाठीवरची जखम भरायला ऑपरेशनच्या जखमेपेक्षा जास्त वेळ लागला, आणि ती जखम वाट बघण्यात झाली होती.

माझ्या जुन्या अर्जावर तुमच्या आवक विभागाचा शिक्का आहे, त्याची प्रत या पत्राला जोडून पुन्हा देतोय. समितीसमोर येऊन बोलायला सांगाल तर मी येईन, माझ्यासोबत वॉर्डात भेटलेली आणखी चार घरं यायला तयार आहेत. लेखी उत्तर द्या, आणि त्यात ओटीच्या टप्प्याची तारीख असू द्या.

आपला,
तुमच्या वॉर्डात भरती होती त्या एका आईचा मुलगा
मानेवाडा, नागपूर